वाघळाचा सातबारा

पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मूळचे कुठले तुम्ही?" मी सांगतो, मोहाडी. समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, म्हणून जोडतो, भंडारा जिल्हा. मग "अच्छा, नागपूरकडचे" अशी नोंद होते आणि डिपॉझिटचं बोलणं सुरू होतं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण 'मूळचे' हा शब्द मला गेले काही महिने छळतोय, आणि त्याला कारण घरमालक नाहीत, वाघळं आहेत.

आधी मोहाडीचं सांगतो. आम्ही कोष्टी. आजोबा म्हणायचे, आपली माणसं माग खांद्यावर घेऊन कुठून कुठून फिरत इथे आली. कुठून, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आमच्या भागातले पोवार सांगतात की त्यांचे पूर्वज माळव्यातून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, आणि त्यांच्या घरात आजही पोवारी बोलली जाते. गोंड त्यांच्याही आधीचे. ज्याला विचाराल त्याच्याकडे येण्याची एक गोष्ट आहे. कुणाची तीनशे वर्षांची, कुणाची त्याहून जुनी. मग मूळचा कोण? किती पिढ्या झाल्या की माणूस 'आलेला' राहत नाही आणि 'तिथला' होतो?

हा प्रश्न माझ्यापर्यंत वाघळांच्या अंगाने आला तो मामामुळे. मामाच्या शेताच्या बांधावर एक जुनी चिंच आहे आणि तिच्यावर मोठ्या वाघळांची वस्ती आहे. दिवसा काळ्या पिशव्या वाळत घातल्यासारखी लटकलेली असतात, आणि दिवेलागणीला एकेक करून नदीकडे निघतात. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट भरतील. मामाची जामाची पाच-सात झाडं आहेत (पुणेकरांसाठी: पेरूची). त्यांतला मोठा वाटा रात्रीच संपतो. इतकी वर्षं मामा शिव्या देऊन गप्प बसायचा. मग निपाहचे फॉरवर्ड आले. त्याने मला फोन केला, "बाबू, तू वाचत राहतेस, सांग न. चिंच तोडू का? का फटाके फोडून हाकलू?"

मी म्हटलं, वाचून सांगतो. आणि वाचता वाचता भलतीकडेच गेलो, थेट समुद्रात.

मामाच्या चिंचेवरच्या वाघळांचं शास्त्रीय कुळ टेरोपस. या कुळात साठहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बेटांवर राहतात. सगळ्यात जास्त विविधता आग्नेय आशियाच्या आणि पॅसिफिकच्या बेटांवर. खंडाच्या आतल्या जमिनीवर राहणाऱ्या जाती मोजक्याच, आणि आपलं भारतीय वाघूळ त्यातलं एक. मोहाडीपासून जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथे चिंचेला लटकलेला हा प्राणी म्हणजे दर्यावर्दी घराण्यातला शेतीत रमलेला भाऊ. बाकीचे भाऊ मादागास्कर, कोमोरो, सेशेल्स, मॉरिशस, रॉड्रिग्ज, अंदमान-निकोबार इथे पसरलेत. मालदीवमध्ये राहणारं वाघूळ तर आपल्याच जातीचं. फक्त उपजातीचं नाव वेगळं.

बेटांवरच्या वाघळांनी डार्विनलाही कोड्यात टाकलं होतं, म्हणजे खरं तर त्याचं कोडं सोडवायला मदत केली होती. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये तो विचारतो की महासागरातल्या दूरच्या बेटांवर जमिनीवरचे सस्तन प्राणी नसतात, पण वाघळं मात्र असतात, आणि तीही त्या त्या बेटाची खास. असं का? निर्मात्याने प्रत्येक बेटासाठी वेगळे प्राणी घडवले असतील, तर त्याने वाघळंच तेवढी का घडवली, दुसरा एकही सस्तन प्राणी का नाही? डार्विनचं उत्तर साधं आहे. वाघळं उडू शकतात. ती उडत आली, राहिली, बदलली. त्याने दिलेल्या उदाहरणांच्या यादीत मॉरिशसही आहे. तो स्वतः १८३६ साली 'बीगल'वरून तिथे उतरला होता. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर त्याने भारतातून आणलेले कैदी काम करताना पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. म्हणजे त्या एका मुक्कामात बेटावर आणलेली माणसं त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि बेटावर उडत आलेली वाघळं पुढे त्याच्या पुस्तकात गेली. मला हा योगायोग फार आवडतो.

डार्विनकडे डीएनए नव्हता. आपल्याकडे आहे. तो कसा वाचतात हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत पटकन कळलं. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते, कुणी केला, कधी केला, कशासाठी केला. आता समजा सगळी नोंद पुसली गेली आणि तुमच्यासमोर एकाच जुन्या प्रोजेक्टच्या दहा आजच्या प्रती आहेत, दहा बेटांवर दहा. तुम्ही काय कराल? ओळी ताडून बघाल. ज्या दोन प्रतींमध्ये एकच विचित्र चूक सारखी आहे, त्या एकमेकींच्या जवळच्या. ज्यांच्यात फरक जास्त, त्या लवकर वेगळ्या झालेल्या. चुका साधारण एका गतीने साचतात असं धरलं तर कधी वेगळ्या झाल्या याचाही अंदाज येतो. जनुकीय इतिहास ढोबळमानाने असाच काढतात.

यात एक गंमत आहे. अशा अभ्यासांत बरेचदा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वापरतात, आणि तो फक्त आईकडून येतो. आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. आमच्या घरी एका वहीत वंशावळ लिहिलेली आहे. नऊ पिढ्या, आणि त्यात एकाही बाईचं नाव नाही. वाघळांच्या या वंशावळीत एकाही बाप्याचं नाव नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्याहीची वही चांगली आहे मंग."

तर या वहीत काय सापडलं? २००९ साली पश्चिम हिंदी महासागरातल्या टेरोपस वाघळांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की ही वाघळं इथे एका खेपेत आलेली नाहीत, वेगवेगळ्या काळी एकाहून जास्त वेळा आली. आणि सगळ्यात लांबच्या बेटांवर सगळ्यात आधी वस्ती झाली. कोणत्याही इंजिनिअरला हे खटकेल. आपण जवळच्या नोडकडून लांबच्या नोडकडे जाऊ. वाघळांनी तसं केलं नाही, कारण त्यांनी काही ठरवलंच नव्हतं. वारा, वादळ, उपासमार, एखादी पोटुशी मादी, नशीब. मोठ्या वाघळाला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं. अशा कुळाने अर्धा महासागर व्यापला, तोही अपघातांच्या जोरावर.

आणि आले कुठून? आफ्रिका त्यांना जवळ आहे. टांझानियाच्या किनाऱ्यापासून पेंबा बेट जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि पेंबावर टेरोपस आहे. पण आफ्रिकेच्या भूमीवर एकही टेरोपस जात राहत नाही. पन्नास किलोमीटर या पठ्ठ्यांना काहीच नाही. बहुधा तिकडची जागा आधीच तिथल्या फळवाघळांनी भरलेली होती, असा एक तर्क. त्यांचं नातं लागतं ते आशियाशी, आपल्या आणि आग्नेय आशियातल्या वाघळांशी. मॉरिशसचं वाघूळ हे मामाच्या चिंचेवरच्या वाघळाचं लांबचं भावंड आहे, समुद्रापार गेलेलं.

इथे मॉरिशसपाशी मला थांबावं लागलं, कारण तिथे आपलीही भावंडं आहेत.

मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट, समुद्रातून वर येऊन त्याला सुमारे ८० लाख वर्षं झाली. तिथे मूळचं असं कुणीच नाही. जे आहे ते सगळं आलेलं. वाघळं आली. माणसाची कायमची वस्ती तर अगदी कालची. १५९८ मध्ये डच उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, शतक संपेपर्यंत डोडो संपला. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. मग इंग्रज. १८३४ पासून गिरमिटिया मजुरांची जहाजं सुरू झाली आणि पुढच्या ८०-९० वर्षांत जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यातली काही मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं, कोकणातली आणि घाटावरची. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

या सगळ्यांनी मिळून काय केलं, तर ऊस लावला. जंगल कापत गेले. आज तिथे चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरलंय. त्या जंगलातल्या फळांवर जगणारं वाघूळ मग परसातल्या आंब्यांवर आणि लिचीवर आलं. आंबा आपल्याकडून गेलेला, लिची चीनमधून. बागाईतदार वैतागले. २०१५ मध्ये सरकारने वाघळं मारण्याची मोहीम काढली आणि तीस हजारांहून जास्त मारली. पुढच्या वर्षी परत हजारो. २०१८ मध्ये आययूसीएनने या जातीला 'असुरक्षित'वरून 'धोक्यात'च्या यादीत टाकलं. त्याच बेटांवर आधी आणखी एक छोटं वाघूळ होतं. ते एकोणिसाव्या शतकातच नाहीसं झालं. शेजारच्या रॉड्रिग्जचं वाघूळ १९७० च्या दशकात शंभराच्या आत आलं होतं. त्यातली काही पकडून नेऊन वाढवली, जंगल थोडं परत लावलं, आणि आज ती हजारोंत आहेत. म्हणजे आकडा परत वर आणता येतो, पण त्यासाठी कुणीतरी वेळेवर मोजायला हवं.

माझी पहिली प्रतिक्रिया सरळ होती, तुमचीही कदाचित हीच असेल. लाखो वर्षांपासून राहणाऱ्याला काल आलेल्यांनी परवा आणलेल्या झाडावरून चोर ठरवून गोळी घालायची? वाघूळ तिथलं आहे, हक्क त्याचा.

पण हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. 'आधी आला त्याचा हक्क.' हेच वाक्य माणसांवर वापरलेलं मला अजिबात सहन होत नाही. ज्याच्या पणजोबाला कंत्राटावर अंगठा घेऊन जहाजात बसवलं, त्याला मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून सांगणार की तू दुय्यम, कारण तुझा मायटोकॉन्ड्रिया इथे उशिरा पोचला? आपल्याकडे 'भूमिपुत्र' हा शब्द काय काय करू शकतो हे आपण पाहिलंय. डीएनए कोण कुणाचा नातलग आणि कोण कधी वेगळा झाला हे सांगतो. जमीन कुणाच्या नावावर आहे हे त्यात लिहिलेलं नसतं. तो सातबारा नाही. आणि सातबारा मानलाच, तर मागे जात जात शेवटी समुद्रातून वर आलेल्या काळ्या दगडापाशी पोचू, ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही.

बरं, उगमाचा मुद्दा सोडला तर दुसरा तयार असतो, उपयोगाचा. वाघळं परागीभवन करतात, बिया लांब टाकतात, जंगल परत उभं करतात. खरं आहे. मॉरिशसमध्ये मोठ्या बिया गिळून पसरवणारे जुने प्राणी, राक्षसी कासवं आणि इतर, गेले. आता त्या कामाला मुख्यतः वाघूळच उरलंय. मोहाडीकडे तर यासाठी अभ्यास वाचायचीही गरज नाही. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो तो रात्री, आणि रात्री त्याच्यावर वाघळं असतात. रसाळ पाकळ्या खातात, तोंडाला लागलेले पराग पुढच्या झाडावर नेतात, नंतर फळं खाऊन बिया भलतीकडे टाकतात. पहाटे आमच्याकडच्या बाया टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली फुलं वेचतात. मोहाची फुलं विकून आलेल्या पैशात कुणाचं काय काय भागतं हे मी लहानपणापासून बघितलंय.

तरी हा मुद्दा मला पूर्ण पचत नाही, आणि त्याचं कारण आजोबा आहेत. त्यांचा हातमाग बंद पडला तेव्हा मी सातवीत होतो. कोशाचं कापड विणणारे हात नंतरची अकरा वर्षं ओट्यावर नुसते बसून होते. घरात कुणी तोंडाने काही बोललं नाही, पण 'आता यांचा काय उपयोग' हा प्रश्न भिंतीला ओल यावी तसा घरभर होता आणि तो त्यांना कळत होता. ज्याला जगू द्यायचं त्याने आधी आपला उपयोग सिद्ध करावा, या अटीचा वास मला तेव्हापासून येतो. वाघळासाठीही मला ती नको आहे. बियांचं काम उद्या ड्रोनने केलं तर वाघूळ मारायला मोकळे, असं थोडंच आहे?

मग उरतं काय? मॉरिशसपुरतं एक उत्तर मला पटतं. ते वाघूळ गेलं तर त्याच्या जागी दुसरं आणता येत नाही. रिपॉझिटरीची ही एकच प्रत आहे, बॅकअप नाही. लाखो वर्षांचे अपघात एका विशिष्ट क्रमाने घडले तेव्हा ते झालं. तो क्रम पुन्हा चालवता येत नाही. बागाईतदाराचं नुकसान मात्र भरून देता येतं. झाडांवर जाळी टाकली की फळं वाचतात हे तिथे मोजून झालंय. प्रश्न एवढाच की जाळीचे पैसे कुणी द्यायचे. आणि इथे मी बागाईतदाराच्या बाजूने आहे. साऱ्या जगाला ते वाघूळ हवं असेल, तर त्याचा खर्च एकट्या लिचीवाल्याने का सोसावा? आपल्याकडचे वन्यजीवप्रेमी या वाक्यापाशी आले की विषय बदलतात, असा माझा अनुभव आहे.

पण हे उत्तर मामाला लागू पडत नाही. आपलं वाघूळ पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत पसरलेलं. मामाच्या चिंचेवरची सगळी गेली तरी जात संपणार नाही; जनुकांच्या हिशेबात फरक जवळपास शून्य. कायद्यानेही अनेक वर्षं त्यांना फार किंमत दिली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळं पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर आणि कावळ्यांसोबत, उपद्रवी म्हणून. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत गेली. तेव्हा 'एकमेव आहे म्हणून वाचवा' हे मोहाडीत चालत नाही. ते दुर्मीळ नाही, मूळचं आहे की नाही ते ठाऊक नाही, उपयोगाची अट मी लावणार नाही. मग मामाला सांगू काय?

भीतीबद्दल निदान नीट सांगता येत होतं. निपाहचा विषाणू या वाघळांत असतो हे खरं. २०१८ मध्ये कोझिकोडच्या साथीनंतर तिथल्या वाघळांत तो सापडला, आणि तपासणी आमच्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली. पण तो वाघूळ डोक्यावरून उडाल्याने येत नाही. बांगलादेशात तो मुख्यतः खजुराच्या कच्च्या रसातून आला, ज्या मडक्यांत रात्री वाघळं तोंड घालतात. म्हणून अर्धवट खाल्लेलं फळ खायचं नाही, सिंदीचं मडकं झाकायचं, मेलेलं वाघूळ हाताने उचलायचं नाही. आणि हाकलण्याबद्दल ऑस्ट्रेलियातून एक शहाणी गोष्ट कळली. तिथे निपाहचाच भाऊबंद असलेला हेन्ड्रा विषाणू टेरोपस वाघळांकडून घोड्यांत जातो. पंचवीस वर्षांची माहिती तपासून २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की जंगल तुटलं आणि खायला कमी पडलं की वाघळं माणसांच्या वस्तीजवळ येतात आणि विषाणू जास्त बाहेर पडतो. फुलोरा भरपूर आला त्या हिवाळ्यांत प्रकरणं थांबली. फटाके फोडून वाघूळ नाहीसं होत नाही. ते दमून, उपाशी, दुसऱ्याच्या बांधावर जातं.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं, मॉरिशससकट. अर्धा तास. तो मधे मधे 'हो' म्हणत होता. म्हशीचं दूध काढत असावा. शेवटी मी म्हटलं, मामा, मला असं वाटते का हाकलणाऱ्याने कारण द्यावं, राहणाऱ्याने नाही. ते कुठून आले, काय कामाचे, हे त्याहीले विचारायचंच कायले? तुझं जामाचं नुकसान खरं आहे, जाळीचे पैसे मी पाठवतो.

मामा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच झाडाइले जाळी टाकतो. दोन राहू दे तशीच. त्याहीले एकदम सवय मोडणार नाही."

मी म्हटलं, आणि चिंच?

"चिंचेची विहिरीवरची एक फांदी काढतो, पाण्यात घाण पडते. बाकी राहते." मग त्याने विचारलं, ते मॉरिशसचे मराठी लोक घरी अजून मराठी बोलतात का, आणि बोलतात तर कोणती, पुण्याची का आपली.